झोळीवाले पाहुणे

आमच्या नांदेडच्या वाचनकट्ट्यावर पुस्तकं वाचून होतात की नाही, सांगता येत नाही. किस्से मात्र दर शनिवारी निघतात. यंदा कांबळे सरांनी विषय घेतला, ‘अभिजात साहित्यात दिसण्यावरून माणसाची पारख’. तेव्हापासून तर विचारूच नका!

सर मराठीचे निवृत्त प्राध्यापक. पहिल्याच दिवशी म्हणाले, जुन्या गोष्टींत देखणा माणूस दगा देतो अन् कुरूप माणूस जीव लावतो. तेव्हा पुस्तकात कुरूप माणूस आला की बिनधास्त भरवसा टाका.

आमचे लातूरजवळच्या मुरुडचे तात्या, शेती पोरांवर सोपवून इथं लेकीकडे राहायला आलेले. ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे सर, तेबी तोंड पाहूनच की.”

सरांनी चहा मागवला.

*

माझंच घ्या. मिशा अशा, की लातूरच्या एसटीत लोक आपणहून खिडकी सोडतात. एकदा कंडक्टरनं अदबीनं विचारलं, साहेब, सध्या कुठल्या ठाण्याला? अरे लेका, मी जन्मभर बालवाडीत बडबडगीतं शिकवली!

*

पण खरा किस्सा कार्यक्रमाचा. ग्रंथालयाच्या अध्यक्षांना आमच्या कट्ट्याची खोली अभ्यासिकेसाठी हवी होती. म्हणाले, एक कार्यक्रम दणक्यात करून दाखवा, नाही तर किल्ली परत द्या. सरांची झोपच उडाली. बायको वारल्यापासून त्यांना त्या खोलीशिवाय होतं काय?

त्यांनी पुण्याहून किरण नावाचे समीक्षक बोलावले. सगळं बोलणं मेसेजवर. पाहिलेलं कुणीच नाही. आणायला तात्या निघाले. ओळखायचं कसं? सर म्हणाले, समीक्षक म्हटल्यावर दाढी अन् झोळी असणारच.

स्टेशनच्या दारात तशी दाढी, तशी झोळी उभीच होती. तात्यांनी विचारलं, “पाहुणे ना? कार्यक्रमाला आले?”

“हाव,” पाहुणे म्हणाले.

झालं! फेटा, शाल, हार, मधली खुर्ची. हॉलच्या दारात जीन्समधली एक पोरगी सरांना काहीतरी सांगून राहिली होती. सरांनी ‘बाळ, मागं बस’ म्हणून तिला शेवटच्या रांगेत धाडलं. हॉल गच्च भरलेला. पुढं अध्यक्ष.

पाहुण्यांनी माइक धरला. “मंडळी, पाहुणचार लई झाला. आता मुलगी दाखवा.”

ते भोकरहून पुतण्यासाठी मुलगी पाहायला आले होते! स्टेशनवर मुलीकडचे घ्यायला येणार होते, ते आम्हीच असं त्यांना वाटलं.

हॉल हसून लोळला. अध्यक्ष जायला उठले. सरांचं तोंड बघवेना.

तेवढ्यात ती जीन्सवाली पोरगी चालत स्टेजवर आली.

“मी किरण. पाहून झालं असेल, तर आता ऐका.”

अन् काय बोलली म्हणता! अध्यक्ष खाली बसले ते शेवटपर्यंत. जाताना सरांना म्हणाले, खोली राहू द्या तुमच्याकडंच. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

भोकरचे पाहुणेही हलले नव्हते. फेटा सावरत ते तात्यांजवळ आले.

“मुलगी पसंत हाय. आमचा पोरगा तिला दाखवायला कधी आणू?”