विहिरीतलं नौदल

आमच्या आत्याला कुणाचंही म्हणणं पहिल्या फटक्यात पटत नाही. बोरगावच्या भर उन्हात कुणी घाम पुसत "लई ऊन हाय आज" म्हणालं, तर ती आधी आभाळाकडे बघते, मग त्या माणसाकडे बघते आणि म्हणते, "कुठं?" दुकानदाराने हा तांदूळ चांगला म्हटला की ती दुसरा मागते. डॉक्टरने गोळ्या दिल्या की त्यातली एक कमी घेते. देवळातल्या पुजाऱ्याने आज एकादशी आहे म्हणून सांगितलं, तरी घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघितल्याशिवाय तिचा उपास सुरू होत नाही.

ती आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्न करून संकेश्वरकडे गेली आणि थोड्याच दिवसांत ट्रंक घेऊन परत आली. का आलीस म्हणून आयुष्यभर लोक विचारत राहिले. त्यांना नवऱ्याचं व्यसन, सासूचा जाच असं काहीतरी ऐकायचं असायचं. आत्या सांगायची, "मानूस चांगला हुता. माझंच जमलं न्हाय." यावर पुढे काय विचारणार? लोक चहा पिऊन उठायचे.

रोज सकाळी ती तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री घेऊन घरामागच्या परड्यातल्या दगडावर बसते आणि पहिल्या बोटाने दात घासत राहते. त्या वेळात तिच्याशी बोलायचं नाही, कारण घरातले सगळे निर्णय तेव्हा होतात. मी नौदलात अधिकारी व्हायचं हेही त्याच दगडावर ठरलं. बेळगावात इंजिनिअर होऊन मी जवळच्याच मच्छे गावातल्या एका कारखान्यात लोखंडी तुकड्यांची मापं घेत होते. नौदलाची जाहिरात बघितली आणि सुट्टीला घरी आल्यावर अर्धी थट्टा म्हणून बोलून गेले. आप्पा म्हणाले, आपल्यात कोण गेलंय तिकडं? आई म्हणाली, पाण्याचं काम नको. शेजारचे निवृत्त मास्तरसुद्धा म्हणाले की मुलींना जड जातं. झालं, माझं नशीब उघडलं. सगळं जग नको म्हणत असताना आत्यानेही नको म्हणणं शक्यच नव्हतं. तिने चूळ भरली आणि म्हणाली, "जाऊ दे की. एवढं पानी हाय त्यांच्याकडं, आनि मानसं मिळंनात व्हय त्यास्नी?"

माणसं त्यांना भरपूर मिळत होती, फक्त त्यात मी नव्हते. निवड मंडळापुढे पाच दिवस चाचण्या असतात, आणि मला पहिल्या दोन खेपांना पहिल्याच दुपारी बॅग उचलायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला शेवटच्या दिवसापर्यंत टिकले आणि मग परत आले. वयाच्या हिशेबाने आता एकच संधी उरली होती. तेवढ्यासाठी मी मच्छ्याची नोकरी सोडली, बेळगावची खोली सोडली आणि पुस्तकांचं पोतं घेऊन बोरगावला आले. ही संधी गेली असती तर पुन्हा नोकरी कुठूनही मिळाली असती, पण नौदल कायमचं गेलं असतं, आणि एव्हाना मला ते वेड्यासारखं हवं होतं.

आत्याने पोतं उपसलं आणि घराच्या पुढच्या सोप्यात मंडळ स्थापन केलं. अध्यक्ष ती स्वतः, बाजेवर मांडी घालून. सदस्य दोन, आप्पा आणि मास्तर. मास्तर इंग्रजीत प्रश्न विचारायचे, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि आप्पा मान डोलवायचे कारण मुलगी फाडफाड बोलते याचंच त्यांना कौतुक. पहिल्याच दिवशी मास्तरांनी विचारलं, नौदलात का यायचंय? मी देशसेवा, साहस, शिस्त असं पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. मास्तर खूश झाले. अध्यक्ष म्हणाल्या, "खोटं बोलालीस."

तुला इंग्रजी कुठं कळतंय, असं मी चिडून विचारलं.

"इंग्लिश न्हाय कळत मला," आत्या म्हणाली. "तू कळतीस की."

माझं दुखणं तिने बरोबर पकडलं होतं. समोरच्याला जे आवडेल ते बोलायची मला लहानपणापासून सवय. शाळेत बाईंना, कारखान्यात साहेबांना, घरी पाहुण्यांना, प्रत्येकाला त्याच्या मापाचं उत्तर द्यायचं. निवड मंडळापुढे मी तीन वेळा तेच केलं होतं, आणि ते लोक अशी उत्तरं ऐकून ऐकून कंटाळलेले असणार. आत्याचा आजार नेमका उलटा होता, त्यामुळे औषध म्हणून ती उत्तम होती.

अभ्यासात ती मनापासून घुसली. एक चाचणी अशी असते की धूसर चित्र दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची असते. नदीकाठी एक माणूस उभा असल्याचं चित्र होतं. माझ्या गोष्टीत तो गावातल्या तरुणांना गोळा करून पूल बांधायचा आणि वर रक्तदान शिबिरही घ्यायचा. आत्याने चित्र लांब धरून बघितलं आणि सांगितलं, "म्हस हुडकायला आलाय." मग पुढे काय झालं? "घावली. घरला गेला." दुसऱ्या चाचणीत एकेक शब्द दाखवतात आणि झटकन वाक्य करायचं असतं. मी 'भीती' म्हटलं की आत्या म्हणायची "कुनाची?" आणि 'समुद्र' म्हटलं की "खारट." मास्तर हसून हसून खुर्चीवरून घसरायचे. हसता हसता मीही माझी शिबिरं आणि पूल हळूहळू कमी केले.

प्रशिक्षण संपेपर्यंत लग्न करायचं नाही असा नौदलाचा नियम आहे. आत्याला हा नियम म्हणजे देवाने दिलेलं हत्यारच वाटलं. स्थळ घेऊन कुणी आलं की ती पोह्यांची बशी समोर ठेवून गंभीरपणे सांगायची की सरकारनं बंदी घातलीय. एका पाहुण्यांनी विचारलं, सगळ्याच मुलींवर? तर म्हणाली, आत्ता तरी आमच्याच पोरीवर. अर्थात सगळाच विनोद नव्हता. त्यातला एक मुलगा मला आवडला होता. निपाणीत त्याचं औषधांचं दुकान होतं, तो मोकळा हसायचा, आणि मी पळायला जाते हे कळल्यावर त्याने बूट कुठले घालतेस असं विचारलं होतं. दुसऱ्या कुणी असं काही विचारलं नव्हतं. त्याच्या घरचे थांबायला तयार नव्हते आणि मी नौदल सोडायला तयार नव्हते. त्याचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा मी परड्यात जाऊन रडले. आत्या शेजारी येऊन बसली. समजूत तिला घालता येत नाही. ती म्हणाली, "रड. रडून झालं की पळायला जा." मी दोन्ही केलं.

आणि मग विहीर. नौदलात जायचं तर पोहता आलं पाहिजे, आणि मला येत नव्हतं. बेळगावला तलावावर शिकवणी लावू असं आप्पा म्हणाले आणि अर्थातच आत्याला ते पटलं नाही. दुपारी मोटर बंद करून, गड्यांना लांबच्या उसात पाठवून ती मला मळ्यातल्या विहिरीवर घेऊन गेली. जुन्या लुगड्याच्या पट्टीने तेलाचा रिकामा कॅन माझ्या पाठीला बांधला. स्वतः नऊवारीचा काचा मारून सरळ पाण्यात उतरली आणि खालून म्हणाली, ये. मी पायरीवर उभी राहून विचार करत होते. ती वर आली, माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मी पाण्यात होते.

विहिरीत माणूस गोल पोहतो. भिंतीच्या कडेकडेने डावीकडे वळत जायचं, म्हणजे दमलं की कुठूनही दगड हाताला लागतो. आमच्याकडे सगळे असेच पोहतात, त्यामुळे पोहणं म्हणजे गोल हेच मला ठाऊक. कॅन सुटला, मग धाप लागणंही थांबलं, आणि उन्हाळा संपेस्तोवर आम्ही दोघी विहिरीत चक्राकार फिरत चालू घडामोडींवर भांडत होतो. शेजारच्या देशाशी कसं वागावं यावर ती माझ्याशी इतकी भांडली की नाकातोंडात पाणी जाऊन दोघींना पायरी धरावी लागली. आयुष्यात इतकी मी कधी हसले नाही.

शेवटच्या खेपेला मुलाखत घेणारे साहेब मोठे शांत होते. पोहता येतं का, त्यांनी विचारलं. येतं म्हटलं. किती लांब? एक किलोमीटर असं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात बाजेवर बसलेली आत्या डोळ्यांपुढे आली आणि मी खरं ते सांगून टाकलं की सर, लांब किती ते माहीत नाही, मी आजवर फक्त गोल पोहलेय. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग विहीर आली, कॅन आला, म्हैस शोधणारा माणूस आला. तुमच्या आत्याचं आमच्याबद्दल काय मत आहे, असं त्यांनी विचारलं. एवढं पाणी असून तुम्हाला माणसं मिळत नाहीत याचं तिला नवल वाटतं, असं मी सांगितलं. ते इतके हसले की बाहेरच्या शिपायाने दार उघडून बघितलं.

माझी निवड झाली. वैद्यकीय तपासणी झाली, गुणवत्ता यादीत नाव लागलं. आई रडली, आप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. आत्या म्हणाली, "बघू." मास्तरांकडून तिने ईमेल दोनदा वाचून घेतली, मग त्यांच्या सुनेकडूनही वाचून घेतली, आणि तेव्हा कुठे पेढा खाल्ला.

केरळातल्या अकादमीत पहाटेपासून रात्रीपर्यंत श्वास घ्यायला सवड नव्हती. कवायत, पळणं, दोरांच्या गाठी, नकाशावरून जहाजाची जागा काढणं, इंजिनं, तारे, आणि वर्गात झोप लागली की मैदानाला फेऱ्या. केस कानापर्यंत कापलेले. चुलतभावाचं लग्न त्याच काळात झालं आणि मी ते फोनवरच्या फोटोंत बघितलं. या सगळ्यात मी टिकले, पण तलावात माझी फजिती झाली. उडी मारली, चार हात मारले आणि सवयीने डावीकडे वळले. शेजारच्या रांगेतल्या हरियाणाच्या मुलीच्या पोटात माझी लाथ बसली. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. वरून बघणारे उस्ताद, म्हणजे आमचे प्रशिक्षक, कपाळाला हात लावून उभे होते. सत्र संपेपर्यंत सरळ पोहून दाखवलं नाही तर माझी तुकडी पुढे जाणार आणि मी एक सत्र मागे राहणार, हे मला स्पष्ट सांगण्यात आलं.

रविवारी फोन मिळाल्यावर मी रडत आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तलाव वाकडा आसंल."

उस्तादांनी तळाच्या काळ्या रेघेवर नजर ठेवायला शिकवलं. जेवणानंतरची विश्रांती सोडून मी ती रेघ गिरवत राहिले आणि एके दिवशी तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोचले. परीक्षाही पास झाले. पुढच्या रविवारी फोन आईने उचलला आणि हळू आवाजात म्हणाली की आत्याच्या कपाळाला टेंगूळ आलंय. पोरगी तिकडे सरळ पोहायला धडपडतेय म्हणून या बाईने आप्पांना पायरीवर बसवून विहिरीत सरळ पोहून बघितलं होतं. मग आत्यानेच फोन हिसकावून घेतला. "चार हातांत भित आली," ती म्हणाली. "हितं काय जमायचं न्हाय ते. तुझं तू बग."

प्रशिक्षण संपल्यावर शेवटच्या संचलनाला घरची तिघंही आली. खांद्यावरची झाकून ठेवलेली सोनेरी पट्टी आईवडिलांनी उघडायची असते, ती आईआप्पांनी उघडली. आत्या बाजूला उभी राहून, एवढ्या पांढऱ्या कपड्यांत पोरांना जेवायला कसं वाढतात याची चौकशी एका बड्या अधिकाऱ्याच्या बायकोकडे करत होती. आनंदाने मला नुसतं वारं प्यायल्यासारखं झालं होतं. दोन दिवस आम्ही चौघं हसण्याशिवाय काही केलं नाही.

मग मी जहाजावर रुजू झाले. समुद्रात असताना फोन लागत नाही. पहिल्या मोठ्या फेरीनंतर बंदरात आलो तेव्हा उन्हाळा अर्धा सरला होता. मी घाईघाईने आत्याला फोन लावला आणि नेहमीसारखं भांडण उकरून काढायला विचारलं की यंदा विहिरीचं पाणी कसं आहे, थंड असेल.

"ठाव न्हाय," ती म्हणाली. "उतरले न्हाय यंदा."

तब्येत बरी आहे ना, मी विचारलं. बरी आहे म्हणाली.

"मग गं?"

"हिरीत एकटीनं उतरायचं नसतंय," आत्या म्हणाली. "पोरास्नी मीच सांगत आले न्हवं का जल्मभर."

मग तिने जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी वरिष्ठांकडे सुट्टी मागायला गेले. त्यांनी कारण विचारलं. माझ्या आत्याला विहिरीत उतरायचंय आणि सोबतीला कुणी नाही, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि आठवड्याची सुट्टी दिली.