हळद लागलेला ड्रमर

नामा माझा पाठचा सख्खा भाऊ. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली डोंबिवलीत जो उठतो तो 'आमचा नामा' म्हणतो. तुमचा कुठून आला? कोलशेतला कोळीवाड्यात जन्मला, माझ्या खांद्यावर बसून मोठा झाला, पहिला ताशा त्याला मी घेऊन दिला. मी सातवीपर्यंतच शिकलेलो, पण कोणाचा हात कशावर बसेल ते मला नुसतं बघून कळतं.

पंच्याऐंशी साली त्यांचा बँड जमला. गिटारवर उत्तम, डोंबिवलीचा कॉलेजवाला, केस मानेवर. सॅक्सोफोनवर बेसिल अंकल, कल्याणच्या रेल्वे कॉलनीतले, पूर्वी साहेब लोकांच्या नाचाला वाजवायचे. आणि ड्रमवर नामा. तिघं तीन दिशांचे, म्हणून रस्ते मिळतात त्या नाक्याचंच नाव बँडला ठेवलं, 'शीळफाटा'. वाजवायचे काय, तर म्हणे जॅझ-रॉक. म्हणजे असं, की उत्तम गिटार घेऊन बोंबलायचा, मग बेसिल अंकल सूर घेऊन गाण्याच्या बाहेर फिरायला जायचे, मनात येईल तेव्हा परत यायचे, आणि तोवर आमच्या नामाने गाणं धरून बसायचं. नामा नसता तर त्या दोघांना घर सापडलं नसतं. गणपतीत आमच्या मंडळाने एकदा बोलावलेलं. नाचणारी पोरं एकमेकांच्या पायावर पडली. पुढच्या वर्षी मंडळाने बेंजो पार्टी आणली.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात नामाचं लग्न ठरलं. मुलगी ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली, शेवंती. तारीख मी काढली, आणि चांगलीच काढली. पण हे शहाणे नेमके हळदीच्याच दिवशी ठाण्याच्या मैदानावर बँडच्या स्पर्धेत नाव देऊन बसलेले. कॅसेट कंपनीचा माणूस येणार होता.

आता आमच्यात एकदा हळद लागली की लग्नाला निघेपर्यंत नवऱ्याने वेस ओलांडायची नाही. बाहेरचं काही धरतं म्हणतात. हातात सुरी, सुरीच्या टोकाला लिंबू, ती खालीसुद्धा ठेवायची नाही. सासरच्यांना कळलं तर लग्न मोडतं. मोडलेली मी बघितलीत.

दुपारी हळद लागली आणि उत्तम टेम्पो घेऊन मांडवात हजर.

"परशुरामदादा, दोन तासांचा प्रश्न आहे. आंघोळ घालून पाठवा ना, आल्यावर परत लावा."

"हळद आहे ती. तुझी पावडर नाय."

"मग आम्हाला दुसरा ड्रमर घ्यावा लागेल. वांद्र्याचा एक तयार आहे."

"दुसरा? नामाच्या जागेवर?"

"त्याच्याहून बरा आहे म्हणतात."

मांडवात बायका गात होत्या, तरी हे चार जणांनी ऐकलं. नामा पाटावर बसून सुरीची मूठ पाटावर वाजवत होता. म्हणाला, "दादूस, मी नाय येत. शेवंतीकडं कललं तर?"

"कळू दे. मी बसलोय ना. चल, बस टेम्पोत."

आई आडवी आली. "परशा, पोराला हलद लागलीय रं!"

"लागू दे. वांद्र्याचा पोरगा माझ्या भावाच्या ड्रमवर बसणार नाय."

नामा हळदीच्या बनियनवरच मैदानात गेला. सुरी कमरेला, लिंबासकट. आणि काय वाजवलं! काठी पडली की ड्रमवर सुकलेली हळद उडायची, लाइटमध्ये पिवळा धूर दिसायचा. बेसिल अंकल फिरायला गेले ते येईनात, तर नामाने एकट्याने मैदान उभं केलं. परीक्षकांनी तिसरा नंबर दिला. परीक्षक म्हणजे कोण, तर ज्यांच्या घरी रेडिओ होता ते.

पण खरा तमाशा नंतर झाला. डोंबिवलीच्या कुठल्याशा मासिकात एका दाढीवाल्याने लिहिलं, की ड्रमरने अंगाला पिवळा रंग फासून केमिकल कंपन्यांचा निषेध केला, आणि लिंबू म्हणजे भांडवलशाहीने पिळलेला कामगार! मी त्याला भेटून सांगितलं, लग्न होतं हो. तर मलाच समजावतो, "तुम्हाला तो अर्थ कळणार नाही." त्यानंतर नव्वद-ब्याण्णवपर्यंत डोंबिवलीतला जो बँड निघाला तो तोंड पिवळं करून. एकाने तर रंगाच्या दुकानातला डबाच फासला, आठवडाभर दवाखान्यात. वाजवायला एकालाही येत नव्हतं. 'शीळफाटा'ची एक कॅसेट निघाली, खपली नाही. बेसिल अंकल मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेले, उत्तम बँकेत चिकटला, आणि आता मुलाखतीत सांगतो की हळदीची आयडिया त्याची. आयडिया! आंघोळ घाला म्हणणारा हाच.

हां, लग्नाच्या सकाळचं सांगायचं राहिलंच. मैदानाच्या दुसऱ्या दिवशी, वऱ्हाड निघायच्या आधीच शेवंतीचा बाप नाथा चार माणसं घेऊन आमच्या दारात. मैदान त्यांच्या कोळीवाड्यापासून हाकेवर, कळायला कितीसा वेळ लागणार.

"लगीन नाय," तो म्हणाला. "हलद लागलेला नवरा वेशीबाहेर नाचून आला. त्याच्या मागनं काय आलंय कोनाला ठाव? मी पोर देत नाय."

"नाचला नाय, वाजवलं," मी म्हणालो. "आणि असं वाजवलं की तुमच्या अख्ख्या चेंदणीत..."

"दादूस, गप," नामा म्हणाला. पहिल्यांदाच म्हणाला. चेहरा हळदीखाली पांढरा पडलेला. "मामा, चूक झाली. तुम्ही सांगाल ते..."

तेवढ्यात एक रिक्षा थांबली. आतून शेवंती उतरली. अंगभर हळद, हातात हिरवा चुडा, पायात चपला नाहीत. बायका तोंडाला पदर लावून मागे सरल्या.

"शेवंते! हलद लागलेली पोर तू, घराबाहेर?" नाथा ओरडला.

"बाबा, वेस मी पन ओलांडली," ती म्हणाली. "चेंदणी, बालकूम, सगलं मागं टाकून आलंय. आता मना बायको दुसरा कोन करील, ते सांगा."

नामा तिच्याकडे बघत राहिला. नाथाने डोक्यावरची टोपी काढली, मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसला आणि आईला म्हणाला, "विहीनबाय, चहा ठेवा."