लेह ते पुणे, साडेतीन तास

मागच्या आठवड्यात नारायणगावात चहाच्या टपरीवर एकानं मोबाइल पुढं केला. "हवालदारसाहेब, लेह ते पुणे सतराशे किलोमीटरच्या वर, पण विमानात जेमतेम साडेतीन तास. आता लांब असं काय राहिलंच नाय राव!" माझं डोकंच फिरलं. ह्याच आकड्यावर मीही एकदा एका बापाला वेळ सांगून बसलोय.

मी खोडदचा. इन्फंट्रीत वीस वर्षं काढली. शेवटचं पोस्टिंग लेहच्या वर. पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर, सहाला चहा, सातला पॅट्रोल बाहेर. माझ्या सेक्शनमध्ये नाईक संदीप होता. पिंपरी पेंढारचा, मेंढपाळाच्या घरातला. कुणी दमला की न सांगता त्याचा पिट्ठू स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा.

त्या दिवशी नऊ चाळीसला रेडिओ वाजला. "स्लाइड. वन मॅन मिसिंग. ओव्हर." साडेअकराला संदीप बर्फाखाली सापडला. श्वास नव्हता.

त्याच्या शवपेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून मला पाठवलं. बातमी घरी पोचली होती; निघायच्या आधी त्याच्या वडलांना, आबांना, मीच फोन केला.

"भाऊ, म्हातारी पाणी बी घेईना. पोराचं तोंड बघितल्याबिगर घोट घेणार न्हाई म्हंती. कवा येताय?"

मी विमानाचे तास मोजले. "उद्या बाराला दारात, आबा."

काय अक्कल माझी! हवामान, विमान बदलणं, पुढचा रस्ता, हे कुणी मोजायचं?

सकाळी लेहला ढग. विमान उशिरा सुटलं. दिल्लीत पेटी दुसऱ्या विमानात चढवली. पुण्यात पेटी उतरवली तेव्हा दीड वाजला होता. ढगांवर माझा राग नाही. राग पुढचा आहे.

पेटी उघड्या गाडीत ठेवली, तसा एक अधिकारी आला. "हवालदार, थांबा. साहेब हार घालणार आहेत." साहेब म्हणजे कुणी पुढारी.

"किती वेळ?"

"निघालेत."

दोनला निघालेत. अडीचला निघालेत. तीनलाही निघालेतच! मी आबांना फोन लावला.

"तिला चक्कर आली, भाऊ. तोंडाला तांब्या लावला तर मान फिरवती."

सव्वातीनला मी ड्रायव्हरला म्हणालो, "गाडी काढ."

अधिकारी आडवा आला. "फोटोवाले आलेत. साहेबांना काय सांगू?"

"सांगा, त्याची आई पाण्यावाचून बसलीय."

वीस वर्षांत मी कुणाचा शब्द मोडला नव्हता. तो मोडला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन.

सहाला दारात पोचलो. आईनं संदीपचं तोंड बघितलं, गालावरून हात फिरवला. मग शेजारणीनं दिलेलं पाणी प्याली. दोन घोट. मी भिंतीकडं तोंड करून रडलो.

अग्नी दिल्यावर आबा माझ्याजवळ येऊन बसले. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस, वाट मुक्कामानं मोजणारा.

"भाऊ, घरापातुर त्याचं मुक्काम किती पडलं?"

"लेहला एक, दिल्लीला एक, पुण्यात एक."

"पुण्यात कशापायी?"

"हारासाठी, आबा."

आबांनी चितेकडं बघितलं. मग म्हणाले, "तितं सावलीला व्हता का?"

"व्हता, आबा."

खोटं बोललो. पुण्याच्या त्या डांबरावर नाईक संदीप पावणेदोन तास उन्हात होता.