गाईनं चालायचं कुठून?

गायअंकल कुणालाही भेटले की आधी त्याच्या गाईंची चौकशी करायचे, माणसाची नंतर. इथे आखातात, मदिनत खलीफातल्या आमच्या इमारतीत ते सिक्युरिटीला रुजू झाले त्या सकाळी मी ऑफिसच्या गडबडीत होते. या उंच, सडसडीत केनियन माणसानं दारातच विचारलं, "मॅडम, गाय लोग ठीक है?" हे हिंदी त्यांना बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीतल्या खोलीवरच्या नेपाळी सोबत्यांनी शिकवलेलं. मी म्हटलं, आमच्याकडे गाय नाही. त्यांचा चेहरा असा पडला, की माझ्या घरी काहीतरी वाईट घडलंय असं मलाच वाटायला लागलं. मला रागही आला. दोन माणसं कमावती, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, आणि हा माणूस मला बिचारी ठरवतोय!

गायअंकल हे नाव माझ्या मुलीनं, सईनं ठेवलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. तिच्या इंग्रजीत शिल्लक राहिलेल्या मोजक्या मराठी शब्दांपैकी 'गाय' हा एक. तिनं एकदा त्यांना किती गाई आहेत ते विचारलं. ते मसाई, पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणारे. "गाई मोजत नाहीत," ते म्हणाले. "संध्याकाळी कळप घरी येतो. एक नसली तर दिसतंच. तुझी आई तुला रोज मोजून घरात घेते का?" मग त्यांनी एकेक गाय रंगावरून सांगायला सुरुवात केली. पांढऱ्या पोटाची तांबडी, राखेच्या रंगाची, डोळ्याभोवती काळं कडं असलेली. सईची शाळेची बस आली तरी कळप संपला नव्हता.

हट्ट मात्र जबरदस्त. आमच्या रस्त्याकडेच्या हिरवळीला रोज पाणी मिळायचं आणि कापलेलं गवत काळ्या पिशव्यांतून कचऱ्याच्या गाडीत जायचं. गायअंकल पिशवीला हात घालून उभे राहिले. "ये कचरा नहीं है." गाडीवाल्यानं आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग कपाळावर हात मारला. आठवडाभर हेच. शेवटी अंकलनी अल खोरच्या कंपनी बसचा एक ड्रायव्हर गाठला. त्याच्या ओळखीच्या शेतावर मेंढ्या होत्या. तेव्हापासून आमच्या रस्त्याचं गवत पन्नास किलोमीटर प्रवास करून कुणाच्या तरी पोटात जाऊ लागलं, आणि अंकलच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला.

मी खटावकडची. आमच्याकडे पीक निघालं की धनगर येतात आणि शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतो, हे मी त्यांना सांगितलं. ते इतके खूश झाले की दोनदा सांगायला लावलं. "म्हणजे जमीन एकाची, गवत दुसऱ्याचं, आणि भांडण नाही?" मी म्हटलं, "भांडणं आहेत हो. माझे वडील आणि चुलते बांधावरून अकरा वर्षं बोलत नाहीत." बांध म्हणजे काय, हे समजावताना मात्र माझा घाम निघाला. दोन हात मातीसाठी सख्खे भाऊ तोंड फिरवतात हे ऐकून ते नुसते मान हलवत राहिले.

आणि मग त्यांच्याच घरात तेच येऊन ठेपलं. एका शुक्रवारी त्यांनी मोबाइल पुढे केला. धाकट्या भावानं एका नकाशाचा फोटो पाठवला होता. त्यांच्या लोकांचं सामायिक चराऊ रान आता तुकडे पाडून प्रत्येकाच्या नावावर करायचं ठरत होतं, आणि भावाला ते हवंच होतं. माझं सगळं आयुष्य सर्व्हे कंपनीत ड्रॉइंग करण्यात चाललेलं. मी फोटो मोठा केला, रेघा पाहिल्या आणि कौतुकानं म्हणाले, "छान काम केलंय हो. एकदम नीट."

"मॅडम," ते म्हणाले, "इसमें गाय किधर से जाएगा?"

मी बोट ठेवून सहा मीटरचा रस्ता दाखवला. ते हसले, पण ते हसू बरं नव्हतं. गाय रस्त्यानं चालत नाही, म्हणाले, ती पावसामागे चालते. एका वर्षी पाऊस या टेकडीवर पडतो, दुसऱ्या वर्षी त्या. सगळं रान सगळ्यांचं असलं तर कळप हलतो आणि जगतो. कुंपण पडलं, की ज्याच्या तुकड्यावर पाऊस नाही त्याच्या गाई मरणार. कागद त्याच्या नावाचा, आणि हाडं त्याच्या गाईंची.

मी पुन्हा नकाशा पाहिला. त्यांच्या वाट्याला पाणवठ्यालगतचा तुकडा आला होता, सगळ्यांत उत्तम. म्हटलं, "तुमचं तर भलंच झालंय. सही करून टाका. भावाशी वैर कशाला?"

"दुष्काळात लोकांच्या गाई तहानेल्या माझ्या कुंपणाशी येऊन उभ्या राहतील. मी त्यांना काय दाखवू? माझं नाव?"

मी मोबाइल त्यांना परत दिला.

सभा महिन्याभरात होती. जो हजर नसेल त्याच्या वतीनं घरचा माणूस सही करणार, म्हणजे भाऊ. सुपरवायझरनं रजा नाकारली. त्यांची रजा पुढच्या वर्षी होती. मी सुचवलं, व्हिडिओ कॉल करा. ते म्हणाले, "सभेत माणूस काठी घेऊन उभा राहतो तेव्हा त्याचा शब्द धरतात. मोबाइल काठी पकडू शकत नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. खलास!

मग तीन शुक्रवार दुपारी आम्ही लॉबीत बसलो. सभेत दाखवायला ते रानाचा नकाशा सांगायचे, मी लॅपटॉपवर काढायची. उन्हाळ्यातली वाट, पावसाळ्यातली वाट, गुरं माती चाटायला जातात ती जागा, आजारी गाई आणि वासरांसाठी राखून ठेवलेलं गवत. सवयीनं माझी रेघ सरळ जायची आणि ते लगेच म्हणायचे, "सीधा नहीं, मॅडम. इधर काटा है, गाय घूमके जाता है." आयुष्यभर वाकड्या रेघा सरळ करण्याचा पगार घेतलेली मी, पहिल्यांदा सरळ रेघा वाकड्या करत होते, आणि मला फार आनंद होत होता. ऑफिसच्या प्लॉटरवर मी तो मोठ्या कागदावर छापला. कुणाला विचारलं नाही. ते गुंडाळी काखोटीला मारून गेले. निरोप घेताना मला रडू आवरलं नाही, त्यांनी शांतपणे हात हातात घेतला आणि म्हणाले, "काम है, मॅडम. जाना है."

दीड महिन्यानं व्हॉट्सअॅपवर त्यांचा आवाज आला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून मी तो ऐकला. सभा दोन दिवस चालली. नकाशा जमिनीवर पसरून चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले होते. एका म्हाताऱ्यानं वाट चुकल्याचं दाखवलं, दुसऱ्यानं त्याची चूक काढली, आणि बघता बघता कोळसा घेऊन सगळेच कागदावर वाकले. शेवटी भाऊ उभा राहिला आणि भर सभेत म्हणाला, हा परदेशात कमावून आलेला, याला बोलायला काय जातं? म्हणून वडीलधाऱ्यांनी अंकलना विचारलं, तू पाणवठा सोडशील? ते म्हणाले, आणा कागद. तुकडा नको म्हणून पहिली सही त्यांची झाली. मग बऱ्याच जणांची. पाणी आणि उन्हाळ्यातलं रान सामायिक राहिलं. बाकीचं वाटलं जाणार, ते थांबवता आलं नाही.

आता भाऊ त्यांच्याशी बोलत नाही. मी गाडीतच बसून ढसाढसा रडले, माझ्या वडलांसाठी की त्यांच्यासाठी, मला सांगता येणार नाही. पण त्यांच्या आवाजात रडण्यासारखं काहीच नव्हतं. ते सांगत होते, "भाई नहीं आता, मॅडम. उसका गाय रोज आता है पानी पे. मैं उनको पूछता, घर में सब ठीक है?"