गुणी बाळ, आवाज म्हणून नाही

घरात तिला सगळे पाखरूकाकू म्हणत. प्रयोगशाळेतल्या पक्ष्यांच्या खोल्या तिच्या ताब्यात होत्या. दाणापाणी, पिंजरे धुणं, पिल्लांचे आवाज रेकॉर्ड करून संशोधन करणाऱ्या मॅडमना देणं, हे तिचं काम. पाखरं म्हणजे मुठीत मावतील एवढी, लाल चोचीची. "पाखरू काय, जन्मतःच गातं," असं कुणी म्हणालं की तिचं डोकं फिरायचं.

"गातं कसलं! पिल्लू आधी बापाचं गाणं नुसतं ऐकून ठेवतं. मग पेंगता पेंगता वेडंवाकडं बडबडतं, आपली बाळं बडबडतात तसं. स्वतःचा आवाज ऐकतं, चुकला की सुधारतं. त्या वयात मेंदूत गाण्याच्या वाटा पडत असतात. तेव्हा काही कानावरच आलं नाही, तर त्या वाटा बुजतात. पुढे बाप दिवसभर शेजारी बसून गायला तरी उपयोग नाही."

हे भाषण घरादाराला पाठ होतं. पुतण्या तर तिची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा.

त्याच पुतण्याची मुलगी, छोटी, वर्षाची होऊन गेली होती. "माझी नात भारी गुणी," मोठ्या जाऊबाई येईल त्याला सांगत. "मिक्सर लावा, दारं आपटा, झोपमोड म्हणून नाही. आवाज म्हणून नाही पोरीचा!"

हे ऐकून पाखरूकाकू छोटीकडे निरखून बघायला लागली. आधी छोटी बडबडायची, मग ती बडबड आटत गेली होती. प्रयोगात कान बंद केलेली पिल्लं तिनं पाहिली होती. त्या प्रयोगावरून ती मॅडमशी भांडली होती आणि घरी येऊन देवापुढे बसून रडलीही होती. ती पिल्लं चोच उघडत, कसेबसे तुटके आवाज काढत, पण गाणं काही जुळत नसे.

"ताई, छोटीचे कान तपासून घ्या," ती सरळ म्हणाली.

मोठ्या जाऊबाई ताडकन उठल्या. "माझ्या नातीची तुलना पाखरांशी? पाखरांच्या विष्ठेत हात घालून आता डॉक्टरीण झालीस होय?"

"तुलना नाही, ताई. वेळ चाललीय म्हणून सांगते."

"हिचा बाप तिसऱ्या वर्षी बोलला. आता बघ कसा, तोंड बंद करायचं नाव घेत नाही!"

"थांबा, आत्ता दाखवतो," म्हणत पुतण्यानं खाली बसलेल्या छोटीच्या पाठीमागे स्टीलचं ताट धाडकन जमिनीवर टाकलं. छोटीनं गर्रकन मान वळवली. "झालं समाधान, काकू?" मोठ्या जाऊबाईंनी टाळ्या पिटल्या.

पाखरूकाकूच्या अंगाचा तिळपापड झाला. जमीन लाकडी फळ्यांची होती. प्रयोगशाळेत एका नव्या मुलीनं अशीच फसगत करून घेतली होती. दार आपटल्यावर कान बंद केलेलं पाखरू उडालं, म्हणून ती नाचायला लागली होती, "ऐकतंय, ऐकतंय!" पाखरानं ऐकलं काहीच नव्हतं, पायाखालची दांडी हादरली होती. मॅडमनी पिंजऱ्याखाली जाड स्पंज घालायला लावला, आणि मग दार आपटलं तरी पाखरू जागचं हललं नाही.

"फळ्या हादरल्या रे, शहाण्या! ताट तिच्या बुडाला कळलं, कानाला नाही."

तिनं छोटीला पलंगावर जाड गादीवर बसवलं. हातात बाहुली दिली. पुढ्यात सावली पडू नये म्हणून पाठीमागचा दिवा बंद केला. मग छोटीच्या आईला म्हणाली, "तू मागे उभी राहा. हात लावू नकोस. हाक मार."

तिनं हळू हाक मारली, मग मोठ्यानं. मग गळा फाटेल अशी. छोटी बाहुलीच्या पायातला बूट ओढत होती. तिनं मान वर केली नाही.

छोटीच्या आईनं पुढे येऊन तिला उचलून घेतलं. "मला माहीत होतं, काकू. मी रोज हाक मारून बघायचे. पण आई म्हणाल्या, चांगल्या पोरीला नाट लावू नकोस."

"देवाच्या मनात असेल तेव्हा बोलेल," मोठ्या जाऊबाई पुटपुटल्या. "आणि कानात यंत्र घातलेली मुलगी? लोक काय म्हणतील?"

आता मात्र पाखरूकाकूचा आवाज चढला. "देवाला मध्ये घालू नका! मीही रोज हात जोडते त्याच्यापुढे. त्यानं उशीर केलेला नाही, आपण केलाय. आणि लोक काय म्हणतील ते या पोरीला आधी ऐकू तर येऊ दे!"

दवाखान्यात झोपलेल्या छोटीच्या डोक्याला तारा चिकटवून तपासणी झाली. अगदी मोठा आवाजच काय तो जरासा पोचत होता. "आणखी थांबू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही कानांना यंत्र लावू. पण यंत्र म्हणजे जादू नव्हे. दिवसभर तिच्याशी बोलावं लागेल."

यंत्रं लावली त्या दिवशी छोटी दचकली, ओठ काढला आणि भोकाड पसरलं.

"घाबरली गं माझी बाई! काढा ते," मोठ्या जाऊबाई धावल्या.

छोटीच्या आईनं त्यांचा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच ती सासूवर ओरडली. "काढायचं नाही! तिच्याशी बोला, आई."

अख्ख्या घराला पुरून उरणारी ती बाई गप्प झाली. तोंड उघडलं, शब्द फुटेना.

"बोला ना, ताई. मला टाकून बोलायला बरे शब्द सापडतात!" पाखरूकाकू म्हणाली. तिचा राग गेला नव्हता. वाया गेलेले महिने कुणी भरून देणार नव्हतं.

"सोनुली," मोठ्या जाऊबाई कशाबशा म्हणाल्या. "अगं ए, सोनुली."

छोटीचं रडणं अर्धवट थांबलं. गालावर पाणी तसंच ठेवून ती आवाज कुठून आला ते शोधायला लागली, भिंतीकडे, दाराकडे, आईकडे.

"थांबलात कशाला?" पाखरूकाकू दरडावून म्हणाली. "आणखी बोला."