सागवानी बाथरूम आणि जावयाची आंघोळ

आमच्या लातुरात बाथरूम ही घरातली सगळ्यात कोरडी खोली असते.

बाहेरगावच्या माणसाला हे पटत नाही. पण ज्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तिथं आंघोळ म्हणजे अंग ओलं करून लगेच पुसायचा कार्यक्रम. मोठ्या घमेल्यात उभं राहायचं, बेतशीर तांबे घ्यायचे, घमेल्यातलं पाणी फरशीला आणि फरशीचं झाडांना. भिंतीवर शिंतोडा उडवणारा माणूस आमच्याकडं उधळ्या समजला जातो. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं मी जे केलं त्यात थोडी तरी अक्कल होती असं तुम्हाला वाटावं. (नव्हती. पण वाटावं.)

मंजू ही आमची एकुलती एक लेक. तिला नांदेडला दिली. लग्न उन्हाळ्यात झालं आणि बघता बघता पहिली दिवाळी आली. दिवाळसण! जावयाला बोलवायचं, पाटावर बसवायचं, तेल-उटणं लावून आंघोळ घालायची, ओवाळायचं. सासू झाल्यावर बाईला हातात म्हणून जे काही मिळतं, ते एवढंच! मी हौसेनं आमंत्रणाचा फोन लावला. विहीणबाई एकदम गोड आवाजात बोलल्या. (त्यांचा आवाज गोड झाला की समजायचं, आता टोचणार.)

“ताई, तुम्ही बिलकुल फिकीर करू नका. नागेशला मी इथंच आंघोळ घालून पाठवते. आमच्याकडं काय, गोदावरी दारात हाय. तुम्ही फक्त ओवाळा अन् फराळ द्या. उगंच तुम्हाला पाण्याचं अवघड.”

आंघोळ घालून पाठवते! मी फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. दिवाळसणाला जावई आंघोळ उरकून आला तर सासूनं काय करायचं? टॉवेल घेऊन पुसत बसायचं?

“बरोबरच बोलून राहिल्या की त्या,” आमचे हे म्हणाले. ह्यांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत. दिवसभर सोयाबीन बघून बघून माणसांच्या भावनाही त्यांना पोत्यातच दिसतात.

“काय बरोबर? लातूरची इज्जत काढली त्यांनी!”

“अगं, इज्जत न्हाई, पाणी न्हाई म्हणल्या.”

“इथं दोन्ही एकच हाय!” मी ओरडले. “जावयाची आंघोळ या घरातच होणार. अशी होणार की वाफ नांदेडपर्यंत गेली पाहिजे!”

तेव्हा मी पन्नाशीच्या आत होते, गुडघे शाबूत होते आणि जिथं गुडघे शाबूत असतात तिथं डोकं वापरायची गरज पडत नाही. मी दुसऱ्याच दिवशी टाइल्स बघायला गेले. विहीणबाईंच्या बाथरूममध्ये निळ्या टाइल्सवर डॉल्फिन उड्या मारतात. लग्नाची बोलणी करायला गेलो तेव्हा त्यांनी मला ते बाथरूम देवदर्शन घडवावं तसं दाखवलं होतं. दुकानात डॉल्फिन होते, बदकं होती, एका टाइलवर तर सबंध धबधबा होता. पण माझी नजर गेली कोपऱ्यातल्या भिंतीवर. उभ्या सागवानी पट्ट्या, तपकिरी पॉलिश, त्यावर पिवळा दिवा. डॉल्फिनच्या तोंडात मारायला यापेक्षा चांगली वस्तू मला दिसेना.

दुकानदार आप्पा कपाळावर भस्माचे पट्टे ओढून गल्ल्यावर बसले होते. त्यांनी मला सरळ सांगितलं, “ताई, हे हॉलला लावतात. बाथरूमला चालत न्हाई. पाणी लागलं की लाकूड फुगतं.”

“आप्पा, तुम्ही राहता कुठं?”

“इथंच की. लातुरातच.”

“तुमच्या बाथरूमची भिंत शेवटची कधी भिजली?”

आप्पांनी छताकडं बघितलं. आठवायचा मनापासून प्रयत्न केला. मग म्हणाले, “हाव, हे बी खरं हाय. घेऊन जा.”

संध्याकाळी ह्यांनी आडतीतलं ओलावा मोजायचं यंत्र आणून एका पट्टीला लावलं आणि जाहीर केलं, “माल कोरडा हाय.” एवढं कौतुक मला लग्नातसुद्धा मिळालं नव्हतं.

पट्ट्या ठोकायला रेणापूरचा दत्तूमिस्त्री आला. या माणसाचा आत्मविश्वास एवढा दांडगा, की हातात करवत नसती तर तो पुढारी झाला असता. त्यानं आयुष्यात दोनच गोष्टी बनवल्या होत्या, दुकानांचे गल्ले आणि घरचे देव्हारे. साबण ठेवायला कोनाडा कर असं मी म्हणाले, तर त्यानं महिरप कोरली, वर कळस काढला, बाजूला दोन मोर बसवले. तेल-उटण्याला छोटा ड्रॉवर केला आणि त्याला कुलूपही बसवलं!

“कुलूप कामून?” मी विचारलं.

“सवय हाय वयनी,” तो म्हणाला.

पट्ट्यांना जागा करायची म्हणून बाथरूममधली पाण्याची निळी बॅरलं बाहेर आली. एक गेलं हॉलमध्ये टीव्हीशेजारी, एक आमच्या पलंगाच्या उशाशी. ह्यांना रात्री कूस बदलली की बॅरलच्या गळ्यात हात पडायचा. तक्रार केली तर मी म्हणायचे, “चार दिवस सहन करा, मुलीच्या सासरचा प्रश्न हाय.”

शेवटी राहिला भिंतीतला जुना नळ. गंजलेला, हिरवट, कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. गल्लीत पाणी आलं तरी त्याचा जोर अंगणातल्या नळापुरताच. आतल्या नळानं कित्येक वर्षांत थेंब गाळला नव्हता.

“याचं काय करू?” दत्तूनं विचारलं.

“झाकून टाक. सागवानात ते ध्यान शोभत न्हाई.”

दत्तूनं कोनाड्याच्याच फळीनं तो झाकून टाकला. आता, तो नळ उघडा होता. उघडाच असणार! लातुरात नळ बंद करायची रीत नाही. तोटी फिरवून ठेवली तर पाणी आलेलं कळणार कसं? घरोघरचे नळ बारा महिने आ वासून बसलेले असतात. त्यामुळं उघडा नळ बघून दत्तूला काही वाटलं नाही, मला वाटलं नाही आणि ओलावा मोजणाऱ्या आमच्या मालकांनाही वाटलं नाही. तिघं लातूरकर एका उघड्या नळावर फळी ठोकली म्हणून एकमेकांकडं बघून समाधानानं हसलो.

बाथरूम झालं. शेजारच्या काकू बघायला आल्या. चपला बाहेर काढून आत गेल्या, महिरप बघितली आणि हात जोडले!

मी फतवा काढला. दिवाळीपर्यंत आत कुणीही आंघोळ करायची नाही. पॉलिशला धक्का लागता कामा नये. हे रोज गच्चीवर चादरीच्या आडोशाला बसून आंघोळ करायला लागले. वारा आला की चादर एकीकडं, हे दुसरीकडं.

“मोंढ्यात मी तोंड कसं दाखवू?” हे ओरडले.

“तोंड धुतलेलं हाय ना? मग दाखवा!”

दिवाळीच्या आदल्या दिवशी मंजू आणि नागेशराव गाडीनं आले. जावई स्वभावानं गरीब. मला मामी म्हणतात. वाकून नमस्कार केला आणि मग डिकीतून पाण्याचे दोन मोठे कॅन काढून माझ्यापुढं ठेवले.

“हे काय?”

“आईनं दिलंय, मामी. गोदावरीचं हाय. म्हणली, आंघोळीला कमी पडलं तर असू दे.”

कमी पडलं तर! फराळाचा डबा नाही, मिठाई नाही, पाणी! दिवाळसणाला पाणी बांधून देणारी विहीण अख्ख्या मराठवाड्यात दुसरी दाखवा! मी पदर खोचला, दोन्ही कॅन उचलून अंगणात नेले आणि सगळ्यांच्या देखत जास्वंदीच्या मुळाशी ओतून रिकामे केले. 

“अगं अगं, पाणी हाय ते!” हे असे कळवळले, जसं काही मी दागिने ओतत होते.

(खरं सांगते, दुसरा कॅन ओतताना यात किती आंघोळी झाल्या असत्या, याचा हिशेब मीही करत होते. पण मान ताठ ठेवली.)

पहाटे सनई लावली. बाथरूममध्ये कोनाड्यात पणत्या, पाटाभोवती रांगोळी, पिवळा दिवा. नागेशराव बनियन-लुंगीवर पाटावर बसले. मंजूनं त्यांना तेल-उटणं चोपडलं आणि ती बंबातलं कढत पाणी आणायला बाहेर गेली. मी ताम्हण घेऊन आत गेले, पणत्यांना वारा नको म्हणून दार लोटलं आणि ओवाळायला लागले. काय दृश्य होतं ते! सागवान झळकतंय, मोर डोलतायत, जावई उटण्यानं पिवळाधमक. मनात म्हणाले, बघा विहीणबाई, बघा!

तेवढ्यात आवाज आला. घर्रर्र... फुस्स्स... घर्रर्र...

पाण्याच्या आधी नळातून हवा येते ना, ती! लातूरची बाई हा आवाज झोपेत ओळखते. माझा चेहरा फुलला. सणाचं पाणी सोडलं वाटतं! आणि मग ध्यानात आलं, की आवाज अंगणातून येत नाहीये. भिंतीतून येतोय.

“मामी, भिंत गुरगुरून राहिली,” नागेशराव म्हणाले.

बोलेपर्यंत सागवानाला पोट आलं. टक्, टक्, टक् करत दत्तूचे खिळे उडाले. कळस, महिरप, दोन मोर आणि कुलूपबंद ड्रॉवर यांच्यासकट अख्खी फळी धाडकन पुढं आली आणि आत उघडणाऱ्या दाराला तिरकी जाऊन अडली. मागून पाण्याचा लोट जावयाच्या छातीवर! पणत्या विझल्या, रांगोळी वाहिली, ताम्हणातल्या सुपाऱ्या पोहायला लागल्या. आयुष्यात त्या नळाला कधी एवढा जोर आला नव्हता. सगळ्या वर्षांची थकबाकी तो एकदम चुकवत होता!

“अहो!” मी किंचाळले. “दार उघडा! आम्ही अडकलोत!”

बाहेरून ह्यांचा आवाज आला. आनंदानं वेडा झालेला.

“नळ आले! अगं, नळ आले! जोरात हायत!”

“जावई अडकलेत आत!”

“आलोच! एवढी घागर भरू दे!”

घागर! लेकीचा नवरा आत बुडतोय आणि हा माणूस घागर भरतोय! गल्लीभर एकच कालवा उठला होता. हंडे, कळशा, पातेली, पळापळ. सनई कुणाला ऐकू येईना. मंजूसुद्धा बंब सोडून हॉलमधल्या बॅरलला पाइप लावत होती. माझा संताप संताप झाला.

“मामी,” नागेशराव तोंडावरचं पाणी निपटत म्हणाले, “तोटी सापडली. बंद करू का?”

“हात लावू नका!” माझ्या तोंडून निघालं. “बादली लावा आधी!”

काय करणार! नागेशरावांनी बादली लावली. ती भरली, मग घमेलं लावलं. मग तांब्या. मी ताम्हणातलं सगळं खाली सांडून तेही पुढं केलं, उटण्याची वाटी केली. दिवाळसणाचा जावई, अंगभर तेल, डोक्यात रांगोळी, आणि सासूच्या हुकमावरून उटण्याच्या वाटीत पाणी धरतोय!

यथावकाश पाणी गेलं. फळी उचलून नागेशरावांनी दार मोकळं केलं. हे आत डोकावले. भिंतीचा सांगाडा बघितला, लोळणारे मोर बघितले, लोंबणाऱ्या पट्ट्या बघितल्या, पिवळ्या ओघळांचा जावई बघितला आणि विचारलं,

“आत किती भरलं?”

पण हार मानली असती तर ती मी कसली? आंघोळ राहिली होती आणि ती याच घरात होणार होती. घोटाभर पाण्यात पुन्हा पाट मांडला. जावयाला बसवलं. मंजूनं कढत पाणी आणून विसण घातलं. तेवढ्यात नांदेडहून फोन आला आणि तिनं तो आवाज मोठा करून दारात धरला.

“आत्या,” ती म्हणाली (सासूला ती आत्या म्हणते), “आंघोळ आता सुरू झाली बघा. लई पाणी आलं इथं!”

“हो का?” फोनमधून गोड आवाज आला.

माझी छाती फुगली, पट्ट्यांपेक्षा जास्त. मी तिथूनच ओरडले, “विहीणबाई, लातूरला काही कमी न्हाई बरं का! तुमचा लेक पाण्यात बसलाय!”

नागेशरावांनी पहिला तांब्या घेतला. दुसरा घेतला. तिसरा भरून डोक्याकडं नेला आणि माझ्या तोंडून, कुणी विचारलेलं नसताना, चांगलं खणखणीत निघून गेलं,

“जावईबापू, बास आता! जरा बेतानं!”

फोन एकदम शांत झाला. विहीणबाईंचं तोंड बंद करायचं मी उन्हाळ्यापासून मनात धरलं होतं. ते असं झालं.