विमानातला धूर आणि दादाजींचा हात

माझ्या भासऱ्यांना मी मारलं.

चाळीस वर्षं होऊन गेली आज. खाली कमेंटमध्ये "तसं काही नसतं ताई" असं कोणी लिहू नका. आधी पूर्ण वाचा.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. घरात सगळे त्यांना दादाजी म्हणायचे. अल्लीपूरची शेती तेच पाहायचे.

आमच्याकडे भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोला हात लावायचा नाही. चुकूनसुद्धा. मी चहाचा कप ओट्यावर ठेवायची, मग ते उचलायचे.

थेट बोलायचेही नाहीत. भिंतीकडे पाहून म्हणायचे, "भाजीत मीठ कमी आहे म्हणा."

माणूस मात्र सोन्यासारखा. माझ्या डिलिव्हरीच्या वेळी चिखलातून बैलबंडी हाकत मला वर्धेच्या दवाखान्यात नेलं. पायरीशी बंडी लावली आणि लांब जाऊन उभे राहिले. मुलगी झाली हे कळेपर्यंत तिथून हलले नाहीत.

मग माझ्या नवऱ्याला मुंबईत कारखान्यात अपघात झाला. ऑपरेशन होतं, घरच्यांची सही पाहिजे होती. कंपनीच्या साहेबानं विमानाची दोन तिकिटं काढून दिली. बाईमाणूस एकटी कशी जाईल, म्हणून दादाजी सोबत निघाले.

विमान आम्ही दोघांनीही तोवर आभाळातच पाहिलं होतं.

तीन सीट होत्या. मला खिडकीशी बसवलं, स्वतः कडेला बसले. मधली रिकामी सोडली.

"पट्टा नीट लावला काय म्हणा," पुढच्या खुर्चीला म्हणाले.

मला नवऱ्याची एवढी काळजी, तरी हसू आलं. पदर तोंडावर धरून हसले.

विमान उडालं आणि थोड्याच वेळात परत फिरलं. काय बिघडलं ते कोणी सांगेना. उतरताना असं आदळलं की जीभ दाताखाली आली. थांबलं एकदाचं.

आणि मागून धूर आला.

एअर होस्टेस घसा फाडून ओरडत होती, "सामान छोड़ो! बाहर निकलो!"

कोण ऐकते!

अरे, जीव चाललाय आणि लोक बॅगा काढत होते! एक सूटवाला साहेब सीटवर चढून सुटकेस ओढत होता. एका बाईनं संत्र्यांची करंडी उचलली, चार पावलं नेली आणि दिली टाकून. भर वाटेत. जो येईल तो त्या करंडीवर अडखळत होता.

आजही विमानात लोक मोबाईल, बॅग, लॅपटॉप घेऊनच उतरतात म्हणे. व्हिडिओ काढतात. थोबाडीत द्यावी वाटते.

पण लोकांवर रागावणं सोपं आहे हो.

दादाजींनी पाठीनं गर्दी अडवली आणि मला पुढं घातलं. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याचं एक टोक माझ्याकडे फेकलं. लग्नानंतरच्या सहा वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

"धर वो पोरी. सोडू नको. मी मांगंच आहो."

मी धरलं. धूर इतका की स्वतःचे पाय दिसेनात. त्या करंडीपाशी मी अडकले.

तेव्हा माझ्या पाठीला हात लागला.

दादाजींचाच. शेतात राबलेला, खरबरीत. त्यांना दिसत नव्हतं, ते चाचपत होते.

आणि चटका बसल्यासारखा तो हात मागे गेला.

तेव्हाच वळून धरायचा होता मी. वीतभर अंतर होतं. फक्त वीतभर!

मी काय केलं माहीत आहे?

पाठीवरचा पदर सारखा केला.

चार माणसं कुठून तरी आमच्या मध्ये घुसली. दारात होस्टेसनं मला ढकललं. घसरगुंडीवरून खाली गवतात पडले. मूठ घट्ट होती. दुपट्टा सगळाच माझ्याकडे आला होता.

"ते मांगं रायले वो! आणा त्याईले कोणी!"

दिसेल त्याचे पाय धरले मी. परत विमानाकडे धावले. एका फायरवाल्यानं कमरेला धरून मला मागे ओढलं. परका पुरुष. त्यानं एका सेकंदाचाही विचार केला नाही.

दादाजी करंडीपाशीच सापडले. धुरानं गुदमरून गेले.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. सही नवऱ्याच्या एका मित्रानं केली. नवरा वाचला.

घरी मी दुपट्ट्याचं सांगितलं. हाताचं नाही.

तेरवीला सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माह्या लेकानं मरतानाही मर्यादा नाई सोडली." लोकांनी माना डोलावल्या. सुनेनंही पाळली म्हणून माझंही कौतुक झालं.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर जाऊबाईंनी, म्हणजे दादाजींच्या बायकोनं, मला आत बोलावलं.

"खरं सांगजो. त्याईनं हात पुढं केल्ता काय?"

मी म्हटलं, "नाई."

त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्यावर राग धरला. दरवर्षी श्राद्धाचं पान वाढताना पुटपुटायच्या, "मर्यादा पाह्यली. माहे दोन लेकरं नाई पाह्यले."

दरवर्षी मी शेजारीच उभी असायची. आज सांगू, उद्या सांगू. नाही झाली हिंमत.

मागच्या महिन्यात जाऊबाई गेल्या. तो राग घेऊनच गेल्या.

जाऊबाई, केल्ता हो त्याईनं हात पुढं. त्याईले जगायचं होतं. तुमच्याकडे यायचं होतं.

मीच नाई धरला.

दादाजी, जाऊबाई, तुम्हा दोघांले रडत हात जोडते. जमलं तर माफ करजा.